लॉग टाक, मग बोलू

जून २०२० मध्ये मी एका कापडी पिशवीत २३ बंद मोबाईल घेऊन साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका गाळ्यावर गेले होते. गाळा सहा बाय आठचा, शटर अर्धंच वर, आत माझाच जुना विद्यार्थी, सातवीपर्यंत आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. त्याने पिशवी टेबलावर ओतली, एकेक फोन उलटा करून मॉडेल नंबर वाचला, तीन फुगलेल्या बॅटऱ्या आधी काढून वाळूच्या डब्यात ठेवल्या आणि म्हणाला, "बाई, निम्मे तरी उठवतो. पण मला एकट्याला नाही जमायचं, माणसांना विचारावं लागंल." ही माणसं कोण तर त्याने जन्मात बघितली नव्हती अशी, कुणी केरळात, कुणी पोलंडमध्ये, कुणी ब्राझीलला, आणि ती खरंच मदतीला आली. ते कसं झालं आणि त्या पोराचं त्यात काय काय झालं, चांगलं आणि वाईट दोन्ही, हे मला नीट लिहून ठेवायचंय. नाव टाकत नाही, त्यानेच नको म्हटलंय. लिहिलेलं सगळं त्याला वाचून दाखवलंय, दोन ठिकाणी त्याने माझी चूक काढली ती दुरुस्त केलीय.

तो कोण, कुठला

आमच्या जावळी तालुक्यात घरटी एक तरी माणूस मुंबईला, त्यातले बरेच माथाडीत. ह्याचे वडील, आण्णा, पण वाशी मार्केटला पोती उचलायचे, कंबर गेली तेव्हा गावी आले. घरी थोडी भातशेती, दोन म्हशी, एक धाकटी बहीण. पोरगा हुशार होता असं आता सगळे म्हणतात, तेव्हा कोणी म्हणत नव्हतं, मी पण नाही. वर्गात मागे बसायचा, प्रश्न विचारायचा नाही, कारण आमच्याकडे प्रश्न विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे सगळ्यांसमोर कबूल करणं. बारावी सायन्सला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही गेले. मग गावात त्याची ओळख तेवढीच उरली, नापास झालेला. लग्नकार्यात कोणी विचारलं पोरगा काय करतो तर आई दुसराच विषय काढायची.

२०१५ ला तो साताऱ्यात एका मोबाईल रिपेअरच्या दुकानात महिना ४,००० वर लागला. ह्या लाईनमध्ये शिकणं कसं असतं ते त्याच्याकडून ऐकलंय ते सांगते, कारण पुढचं समजायला ते लागतं. फोल्डर (म्हणजे डिस्प्ले आणि टच) बदलणं, चार्जिंगची सीसी पिन बदलणं, बॅटरी टाकणं हे महिना-दोन महिन्यात येतं. पण 'सॉफ्टवेअर मारणं', म्हणजे लोगोवर अडकलेला फोन कॉम्प्युटरला लावून त्यात सिस्टीम परत भरणं, ते काम उस्ताद स्वतः करायचा आणि तेव्हा स्क्रीन भिंतीकडे वळवून घ्यायचा. फाइल कुठून आणली ते कुणाला सांगायचा नाही. मला त्या माणसाला नावं ठेवायची नाहीत, त्याने पण ती विद्या अशीच लपतछपत मिळवलेली, आणि पोरगं शिकलं की समोरच गाळा टाकतं हे त्याने डोळ्याने बघितलेलं. पण झालं काय की दोन वर्षं राबून ह्याला कुठलं बटण दाबायचं ते माहीत झालं, का दाबायचं ते नाही.

२०१७ ला पतसंस्थेचं कर्ज काढून त्याने स्वतःचा गाळा टाकला आणि दुसऱ्याच महिन्यात एसटीतल्या एका कंडक्टर काकांचा फोन मारून बसला. एकाच मॉडेलचे दोन व्हेरियंट असतात, वरून हुबेहूब सारखे, आत चिप वेगळी, ह्याने एकाची फाइल दुसऱ्यात टाकली. फोन काळा पडला, चार्जिंगला लावला तरी लाईट नाही, बटण दाबून धरलं तरी कंप नाही. ११,००० चा फोन, ह्याची तेव्हाची महिन्याची कमाई त्याच्या निम्मी पण नव्हती. काकांना "दोन दिवसांनी या" सांगितलं आणि रात्री शटर आतून ओढून शोधत बसला.

शोधता शोधता टेलिग्रामवर एक ग्रुप सापडला, त्याच मॉडेलवर लिनिएज ओएस ही लोकांनी बनवलेली सिस्टीम चालवणाऱ्यांचा. आत शिरून त्याने मेसेज टाकला, "नॉट वर्किंग सर, प्लीज हेल्प, अर्जंट." कोणीच बोललं नाही. परत टाकला. अर्ध्या तासाने कोणाचं तरी उत्तर आलं, दोनच शब्द, कुठलं व्हेरियंट, आणि खाली दुसऱ्याने, लॉग कुठाय. त्याला वाटलं टाळतायत. मग त्याने वर चढत चढत दुसऱ्यांचे जुने मेसेज वाचले, तर ज्यांना उत्तर मिळालं होतं त्यांनी सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहिलं होतं, फोन कुठला, त्याच्यात आधी काय होतं, मी काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, आणि कॉम्प्युटर काय दाखवतोय. त्याने ट्रान्सलेटवर एकेक वाक्य करून तसं लिहिलं, तासभर गेला त्यात. उत्तर वीस मिनिटात. फोन कॉम्प्युटरला लाव आणि बघ, क्वालकॉम ९००८ असं काही दिसतंय का. दिसत होतं. म्हणजे फोन मेला नव्हता. त्या चिपमध्ये एक आपत्कालीन मोड असतो, वरची सगळी सिस्टीम गेली तरी चिप कॉम्प्युटरशी बोलू शकते, फक्त तिला योग्य फाइल द्यावी लागते. तिसऱ्या रात्री फोन उठला. काकांना त्याने खरं काय झालं ते सांगून टाकलं आणि एक पैसा घेतला नाही.

लॉगची सवय

थोडं ह्या मंडळींबद्दल सांगते, कारण बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, असतं आणि त्याचं लायसन जीपीएल, म्हणजे ज्या कंपनीने ते कर्नल घेऊन फोन विकला तिने त्या कर्नलचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, लोकांना द्यायला पाहिजे. अँड्रॉइडचा बाकीचा बराच भाग पण गुगल उघडा करतं. हे दोन्ही घेऊन जगभरची माणसं जुन्या फोनसाठी नवीन सिस्टीम बनवतात. २००९ मध्ये स्टीव्ह कॉन्डिकने सायनोजेनमॉड नावाने हे सुरू केलं, पुढे त्याच्याभोवती कंपनी उभी राहिली, डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीने ते बंद केलं आणि त्याच आठवड्यात लोकांनी तोच कोड उचलून लिनिएज ओएस नावाने चालू ठेवलं. प्रत्येक मॉडेलसाठी एखाद-दुसरा माणूस असतो, त्याला मेंटेनर म्हणतात, पगार नाही, बरेचदा कॉलेजचा पोरगा. फोनला पण ते दुकानातलं नाव नाही वापरत, रेडमी नोट ४ ला मिडो म्हणायचं, पहिल्या मोटो जी ला फाल्कन, वनप्लस वनला बेकन. आणि सिस्टीम देताना सुरुवातीलाच एक ठरलेली तंबी, तुमचा फोन मेला, एसडी कार्ड उडालं, अलार्म वाजला नाही म्हणून नोकरी गेली, अणुयुद्ध झालं, तरी मी जबाबदार नाही.

तिथे त्याला कोणी आडनाव विचारलं नाही, मार्क विचारले नाहीत, गाव पण नाही. मला हे कळायला कर्मवीर भाऊराव पाटलांचं बोर्डिंग आठवावं लागलं, १९२४ ला साताऱ्यात सुरू झालेलं, सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, एकत्र राबायची, आपलं जेवण आपण करून एका पंगतीत बसायची. आमच्या जिल्ह्याला ही गोष्ट नवीन नाहीये. पंगतीत बसायचं तर कामाला हात लावायचा एवढीच अट, आणि ह्या ग्रुपची अट म्हणजे लॉग.

लॉग म्हणजे फोनने स्वतः लिहिलेली रोजनिशी. कुठल्या क्षणाला काय चालू झालं, काय मागितलं, काय मिळालं नाही, सगळं तारीखवेळेसकट त्यात असतं. 'चालत नाही' ह्याला तिथे काही किंमत नाही. चालत नाही म्हणजे काय होतं, किती वाजता होतं, दरवेळेस होतं का कधीकधी, परत तसंच करून दाखवता येतं का. एकदा त्याने मला रात्री मेसेज केला की बाई रिप्रोड्यूस म्हणजे काय, डिक्शनरीत 'प्रजोत्पादन करणे' दाखवतंय आणि हा माणूस मला विचारतोय तू करू शकतोस का. मी समजावून सांगितलं. त्याने एक दोनशे पानी वही केली, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठीत अर्थ, तिसऱ्या रकान्यात तो शब्द कोणी कुठे वापरला. बारावीला इंग्रजीत काठावर पास झालेला पोरगा दोन वर्षात स्वतःच्या हाताने चार ओळींचा स्वच्छ बग रिपोर्ट लिहायला लागला. मी पंचवीस वर्षं शिकवतेय आणि मला ठामपणे वाटतं की त्याला तिथे उत्तरं मिळाली हे दुय्यम आहे, त्याला प्रश्न विचारता यायला लागला ही खरी गोष्ट झाली. जे आम्ही त्याला सात वर्षांत दिलं नाही.

धंद्यावर पण परिणाम झाला. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखनंबर, बदलून द्या म्हणून गिऱ्हाईक यायचं, बाजूचे दुकानदार करायचे पण. तो ग्रुप ह्या बाबतीत फार कडक, नुसतं विचारलं तरी बाहेर काढतात, आणि आपल्याकडे पण २०१७ च्या नियमापासून तो गुन्हा आहे. ह्याने ते काम कायमचं बंद केलं, उलट कुठलाही फोन हातात घेतला की आधी त्याच्या ईएफएसचा, म्हणजे नेटवर्कची माहिती असलेल्या भागाचा, बॅकअप काढून ठेवायला लागला, म्हणजे खरा आयएमईआय हरवायलाच नको. आणखी एक प्रश्न त्याला छळायचा, की लोकांनी फुकट बनवलेली सिस्टीम मी गिऱ्हाईकाला ३०० रुपये घेऊन टाकतो हे बरोबर का. त्याने तो पण ग्रुपवर विचारला. वाद झाला, काहींनी सरळ चोर म्हटलं, शेवटी एका जुन्या माणसाने लिहिलं की लायसन अडवत नाही, पण गिऱ्हाईकाला खरं सांग. तेव्हापासून गाळ्यात पुठ्ठ्यावर लिहिलंय, सॉफ्टवेअर फुकट आहे, पैसे माझ्या वेळेचे.

ते २३ फोन

आता २०२० वर येते. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, मग 'शाळा बंद पण शिक्षण आहे' म्हणून रोज व्हॉट्सॲपवर अभ्यास यायला लागला, त्यात सरकारच्या अभ्यासाच्या दीक्षा ॲपच्या लिंका. १५ जूनला वर्ष सुरू झालं ते पण असंच. माझ्या वर्गात १९ मुलं, त्यातल्या सहा घरांत स्मार्टफोन, आणि ते फोन पण बापाबरोबर शेतावर. त्याच वेळेस मुंबईची माणसं गावाला परतलेली, आणि प्रत्येकाच्या बॅगेत किंवा कपाटात एखादा जुना फोन, स्क्रीन फुटलेला, हँग होणारा, पासवर्ड विसरलेला. मी दारोदार फिरून मागितले. लोकांनी दिले, एका आजीने तर मुलाचा फोन देताना त्याच्यावर हळदकुंकू लावून दिलं.

नऊ फोन काही केल्या उठण्यासारखे नव्हते, त्यांचे पार्ट दुसऱ्यांना वापरले. चौदा उठले. त्यातल्या दहांचा किस्सा सरळ आहे, नवीन बॅटरी, कुठे फोल्डर, आणि जुनी जड सिस्टीम काढून हलकी, ८ जीबीच्या फोनमध्ये पण दीक्षा आणि व्हॉट्सॲप दोन्ही बसतील अशी. खर्च आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून केला, त्याने मजुरी घेतली नाही.

उरलेले चार एकाच मॉडेलचे. त्यांना लिनिएज १७.१ टाकलं, अँड्रॉइड १० वरचं, त्याच एप्रिलमध्ये आलेलं. इंटरनेट पळायला लागलं, पण फोन लागेना आणि येईना. कारण असं की आमच्या खोऱ्यात तेव्हा बहुतेकांकडे जिओ, आणि जिओकडे जुनं टूजी थ्रीजी नाहीच, कॉल पण फोरजीवरून जातो, त्याला व्होल्टी म्हणतात, आणि त्या मॉडेलच्या नव्या सिस्टीममध्ये व्होल्टी चालत नव्हतं. पोरांच्या आईबापांना अभ्यासापेक्षा कॉल महत्त्वाचा, बरोबरच आहे, मुंबईला माणूस अडकलेला असताना घरातल्या फोनवर कॉल येत नाही म्हटल्यावर तो फोन कोण ठेवून घेईल.

त्याने लॉग टाकला. मेंटेनर युरोपातल्या एका देशात शिकणारा पोरगा, वय ह्याच्यापेक्षा कमी. त्याने लॉग वाचला आणि लिहिलं की कुठे अडतंय ते मला अंदाजाने कळतंय, पण माझ्या देशात जिओ नाही, मी बदल केला तरी तो चालला का नाही हे मला कधीच कळणार नाही. तू सांगशील का?

हे वाचून दाखवताना तो गप्प झाला होता. इतके दिवस तो मागणारा होता, आणि आता त्या माणसाला ह्याची गरज होती, कारण जिओचं सिम आणि ते मॉडेल हातात घेऊन साताऱ्यात तो बसला होता. पुढचे अठरा दिवस असे गेले की तिकडे संध्याकाळ झाली, पोराचे क्लास संपले की तो नवीन बिल्ड, म्हणजे बदल केलेली सिस्टीम, बनवायचा, इकडे रात्रीचे एक-दीड वाजलेले, हा गाळ्याच्या वरच्या गच्चीवर जायचा कारण आत रेंज कमी, फोनला बिल्ड टाकायचा, स्वतःच्या दुसऱ्या नंबरला कॉल लावायचा, रेडिओचा, म्हणजे फोनच्या नेटवर्कच्या भागाचा, लॉग काढायचा, त्यातून आपला नंबर आणि आयएमईआय खोडायचा आणि पाठवायचा. पाऊस सुरू झालेला, छत्री गच्चीच्या कठड्याला बांधून त्याच्याखाली लॅपटॉप. कधी कॉल लागायचा पण आवाज एकाच बाजूने, कधी लागायचा आणि बरोबर तिसाव्या सेकंदाला तुटायचा. प्रत्येक वेळेस तो वेळ लिहून द्यायचा, सेकंदासकट. एकोणिसाव्या दिवशी पहाटे तीनला मला मिस्ड कॉल आला आणि मागून मेसेज, "बाई, लागला. दोन्हीकडून ऐकू येतंय." मी उठून बसले आणि लगेच उलटा फोन केला, तो नीट बोलू शकत नव्हता.

नवीन बिल्डबरोबर काय काय बदललं त्याची यादी येते, त्यात एक ओळ होती, भारतात जिओवर तपासलं, आणि पुढे ह्याचं ग्रुपवरचं नाव. ती यादी त्याने मेढ्याच्या बाजारात झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतली आणि आण्णांना दाखवली. आण्णांना इंग्रजी येत नाही, त्यांनी बोट ठेवून ते एक नाव तेवढं बघितलं आणि कागद घडी करून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला. आता भारतात ते मॉडेल ज्यांच्या ज्यांच्याकडे होतं आणि ज्यांनी ते बिल्ड टाकलं त्या सगळ्यांचे जिओवरचे कॉल लागायला लागले, म्हणजे माझ्या चार पोरांसाठी केलेलं काम कुठे कुठे गेलं ह्याचा हिशोब नाही.

ते सप्टेंबरमधलं

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल सगळं छानच. नव्हतं. तो चार-चार तास झोपायचा. दुकान सकाळी अकराला उघडायला लागलं, गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं, एक महिना गाळ्याच्या मालकाने भाडं माफ केलं म्हणून निभावलं. ग्रुपचं व्यसन लागतं हे तो स्वतः म्हणतो, कोणी काय लिहिलं, कोणी आपल्याला उत्तर दिलं का, दर पाच मिनिटाला बघायचं. तिथे सगळे चांगलेच बोलतात असं पण नाही, नवीन माणसाला घालूनपाडून बोलणारे आहेत, 'पुढचं बिल्ड कधी' हे विचारायला बंदी असते ते माहीत नसताना विचारलं म्हणून ह्याला आठवडाभर गप्प केलेलं, तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता. बाहेरच्याला हे खुळ्यासारखं वाटेल. पण ज्याला पहिल्यांदाच कुठेतरी किंमत मिळाली त्याला तिथून लोटलं की किती लागतं हे मी बघितलंय.

आणि मग सप्टेंबर. तपासायची बिल्डं तो स्वतःच्या रोजच्या फोनवर पण टाकायला लागला होता. एका रात्री बिल्ड कच्चं होतं, इंटरनेट चालू, येणारे कॉल बंद, आणि त्याला ते कळलंच नाही. गावी आण्णांना चक्कर आली, गोठ्यात पडले. बहिणीने सहा वेळा फोन लावला. घरी व्हॉट्सॲपला रेंज नसते, नुसता कॉल लागतो, तो पण अंगणाच्या टोकाला जाऊन. शेवटी शेजारच्याने मोटरसायकलवर मध्ये बसवून मेढ्याला नेलं. बीपी खूप वाढलेलं. ह्याला सकाळी साडेसातला दुसऱ्याच कोणाकडून कळलं. आण्णा वाचले, नीट आहेत. पण बहीण त्याच्याशी महिनाभर बोलली नाही, आणि बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "दादा, साऱ्या जगाचं फोन लागत्यात, तुझाच तेवढा लागत न्हाई."

त्या दिवसापासून त्याच्या खिशात एक साधा बटणाचा फोन असतो, घरच्यांसाठी, त्याला तो कधी हात लावत नाही. आणि रात्री बारानंतर लॅपटॉप बंद. मेंटेनरला त्याने खरं कारण लिहून कळवलं. त्याने लगेच उत्तर दिलं की मलाच आधी सांगायला पाहिजे होतं, आणि तेव्हापासून ग्रुपच्या नियमात एक ओळ वाढली, कच्चं बिल्ड रोजच्या फोनवर टाकू नका, घरी कोणी तुमच्यावर अवलंबून असेल तर अजिबात नको.

आण्णांच्या गोळ्या सुरू झाल्या पण चक्कर थांबेना. डॉक्टरांकडे नेलं की "मधनं मधनं येती" एवढंच सांगायचे, डॉक्टर तरी काय करणार. तेव्हा त्याला सुचलं. त्याने बीपीचं मशीन आणलं, वही आखली, तारीख, वेळ, बीपी किती, गोळी किती वाजता, काय खाल्लं, चक्कर आली का, उठताना का बसल्यावर. बहिणीला शिकवलं. ती बारावीत होती तेव्हा, तिने सतरा दिवस न चुकता लिहिलं, राग तसाच ठेवून. वही डॉक्टरांसमोर ठेवली तर त्यांना दिसलं की चक्कर गोळीनंतर तासा-दीड तासाने येते आणि तेव्हा बीपी खाली गेलेलं असतं. त्यांनी डोस आणि वेळ बदलली. चक्कर थांबली. बहिणीची ती वही अजून चालू आहे, आता तिसरी. ती स्वतः सध्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मला म्हणाली होती की बाई, दादाचा ग्रुप मला आवडत नाही पण लॉग आवडतो.

त्यानंतर

२०२१ च्या शेवटी मेंटेनरने ग्रुपवर चार ओळी लिहिल्या, शिक्षण संपलं, नोकरी लागली, हा फोन आता माझ्याकडे नाही, ज्याला पुढे न्यायचंय त्याने न्यावं, सगळ्यांचे आभार. दीड वर्षं रोज बोललेला माणूस, ज्याचा चेहरा माहीत नाही, खरं नाव पण नंतर कळलं. ह्याला ते फार लागलं. कुणाला सांगणार, घरात सांगितलं तर म्हणतील कोण कुठला. मला सांगितलं. मी म्हटलं माझी पोरं दरवर्षी सातवी करून जातात, मला काय होत असेल विचार कर. तो म्हणाला, "बाई, तुमची पोरं बाजारात तरी भेटतात." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या मॉडेलला नवा मेंटेनर मिळाला नाही. शिवाय अँड्रॉइड १२ मध्ये गुगलने नेटवर्कचं काम इबीपीएफ नावाच्या पद्धतीवर नेलं, ती जुन्या कर्नलमध्ये नाही, म्हणून एप्रिल २०२२ ला लिनिएज १९ आलं तेव्हा बरेच जुने फोन यादीतून गळाले, हा त्यातलाच. ग्रुपवर आता महिन्यातून एखादा मेसेज येतो. माणसं कुठे पांगली ते थोडं थोडं त्याला माहीत आहे, केरळातला कंपनीत लागला, ब्राझीलवाली बाई अजून दुसऱ्या एका मॉडेलसाठी काम करते.

तो स्वतः इंजिनिअर झाला नाही, परदेशात गेला नाही, कोणी विचारलं तर दुकान चालवतो एवढंच सांगतो. पण दुकान बदललंय. डेड फोनमधून फोटो आणि नंबर काढून देणं हे काम त्याच्याकडे आता कराड, वाईपासून येतं. दोन पोरं शिकायला आहेत आणि कॉम्प्युटरची स्क्रीन गिऱ्हाईकाकडे तोंड करून ठेवलीय, मुद्दाम. पोरांनी काम बिघडवलं तर चालतं, पण "दादा, चालत नाही" म्हटलं की तो तिकडे बघत पण नाही, लॉग टाक मग बोलू. ज्याच्या फोनवर बँकेचं ॲप आहे त्याला तो लिनिएज टाकून देत नाही, कारण बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टीम उठवणारा प्रोग्राम, उघडा असला की त्यातली काही ॲपं चालायला नकार देतात, गिऱ्हाईक पुढे अडकतं. बाजूचे म्हणतात धंदा घालवतोस. घालवतो, पण मला तो बरोबर वाटतो.

आणि एक काम आम्ही दोघं मिळून करतो. लिनिएजच्या स्वतःच्या सेटिंगचं भाषांतर लोकच क्राउडिन नावाच्या साइटवर करतात. तो अवघड शब्द मला पाठवतो. 'वेक ऑन प्लग' म्हणजे चार्जर लावला की स्क्रीन उजळते, त्याला त्याने सुचवलं होतं 'प्लगवर जागे व्हा'. मी म्हटलं तुझ्या आण्णांना वाचून दाखव आणि काय समजलं ते विचार. आण्णा म्हणाले, "कोण झोपलंय?" मग आम्ही 'चार्जर लावल्यावर स्क्रीन सुरू करा' असं केलं. आता नियमच केलाय, प्रत्येक ओळ आधी आण्णांना.

मागच्या आठवड्यात मी गाळ्यावर गेले तर त्या चौदातला एक फोन टेबलावर होता. तेव्हा चौथीत असलेली मुलगी आता नववीत, तिला नवीन फोन मिळालाय, पण हा तिची आजी वापरते, सकाळी हरिपाठ ऐकायला आणि मुंबईला लेकाशी बोलायला. बॅटरी परत फुगली होती. ह्या मॉडेलची चांगली बॅटरी आता सहज मिळत नाही, त्याने मुंबईहून मागवलीय, गुरुवारी येणार. तोपर्यंत आजीसाठी त्याने स्वतःच्या कपाटातला दुसरा फोन काढून दिला आणि मुलीला चिठ्ठीवर लिहून दिलं की आजीला ह्याच्यावर कॉल येतो का, किती वाजता आला, आवाज दोन्हीकडून येतो का, सगळं लिहून आण.